टोमॅटोचा कोणता वाण लावायचा, हे ठरतं कसं? आणि त्यावर काय काय अवलंबून असतं?

जुलै २०२३. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांहून जास्त भाव मिळत होता. शहरांत किरकोळ भाव किलोला दीडशेच्या पुढे गेला होता. दिल्लीत सरकारी संस्थांना सवलतीच्या दरात टोमॅटो विकावे लागले. ऑगस्टमध्ये तर नेपाळमधून टोमॅटो आणत असल्याचं अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी संसदेत सांगितलं.

त्यानंतर महिनाभरातच, म्हणजे सप्टेंबरमध्ये, नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या बाजारात तेच २० किलोचं क्रेट शंभर रुपयांच्या आसपास आलं. मधल्या काळात जिल्ह्यात टोमॅटोची लागवड नेहमीच्या जवळपास दुप्पट झाली होती. अनेकांनी माल रस्त्यावर ओतला, काहींनी तोडणीच थांबवली.

भाव चढले की बातमी होते, पडले की बातमी होते. पण एका गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. एकाच दिवशी, एकाच बाजारात, शेजारी शेजारी लावलेले दोन शेतकऱ्यांचे क्रेट वेगवेगळ्या भावाला विकले जातात. एकाच्या मालावर व्यापारी बोली लावतात, दुसऱ्याचा माल शेवटी कसाबसा उचलला जातो.

यामागे खत, पाणी, फवारणी, नशीब असं बरंच काही असतं. पण एक कारण त्याहून आधीचं असतं, ते म्हणजे तीन-चार महिन्यांपूर्वी निवडलेलं बियाण्याचं पाकीट.

निर्णय जूनमध्ये, निकाल सप्टेंबरमध्ये

महाराष्ट्रात टोमॅटो जवळपास वर्षभर कुठे ना कुठे शेतात असतो. पण मोठे हंगाम दोन. जुन्नर, नारायणगाव, संगमनेर, अकोले या पट्ट्यात उन्हाळी टोमॅटो मोठ्या प्रमाणावर होतो. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये लागवड आणि एप्रिलच्या शेवटापासून जुलैपर्यंत माल. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी, निफाड, चांदवड, गिरणारे या भागात खरिपाचा जोर असतो. जून ते ऑगस्टमध्ये लागवड आणि ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत तोडे.

आता वेळेचं गणित बघा. बी पेरल्यापासून रोप लागवडीला तयार व्हायला २५ ते ३० दिवस लागतात. लागवडीनंतर पहिला तोडा साधारण ६० ते ७० दिवसांनी येतो. पुढे दीड-दोन महिने माल चालतो. जुलैमध्ये लागवड करायची असेल तर रोपवाटिकेत मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये नाव सांगून बुकिंग करावं लागतं. ऐन वेळी गेलं तर जे शिल्लक असेल ते रोप घ्यायचं.

म्हणजे वाण ठरवताना सप्टेंबरचा भाव माहीत नसतो, ऑक्टोबरचा पाऊस माहीत नसतो आणि शेजारच्या तालुक्यात किती लोकांनी लागवड केली हेही माहीत नसतं.

बरं, या सगळ्यात बियाण्याचा खर्च किती? संकरित वाणाचं एकरी ४० ते ५० ग्रॅम बी पुरतं. रोपवाटिकेतून तयार रोपं घेतली तर अंतरानुसार एकरी सहा ते आठ हजार रोपं लागतात आणि एका रोपाला साधारण दीड-दोन रुपये पडतात. म्हणजे दहा-पंधरा हजारांचा मामला. उलट बांबू, तार, सुतळी, मल्चिंग, ठिबक, खतं, फवारण्या आणि मजुरी धरली तर एकरी खर्च सहज दीड-दोन लाखांच्या घरात जातो.

बियाण्याचा वाटा इतका छोटा असताना पाकिटामागे दोन-चारशे रुपये वाचतात म्हणून वाण बदलण्यात काही अर्थ नाही. पण महाग पाकीट म्हणजे चांगलं पाकीट, असंही नाही. मग बघायचं काय?

टोमॅटो खायचा कुणी आणि कुठे?

पहिला प्रश्न बियाण्याचा नाहीच, ट्रकचा आहे.

पिंपळगाव किंवा नारायणगावला आलेला बराचसा माल महाराष्ट्रात राहत नाही. तो गुजरात, मध्य प्रदेश, दिल्ली, उत्तर प्रदेश असा जातो. क्रेटवर क्रेट रचून, दोन-तीन दिवसांचा प्रवास, वर ऊन. तिथे पोहोचल्यावर तो पुन्हा घाऊक बाजारात, मग किरकोळ विक्रेत्याकडे आणि मग कुणाच्या तरी घरी. या सगळ्यात फळ फुटता कामा नये, मऊ पडता कामा नये.

म्हणून लांबच्या बाजारासाठी माल घेणारा व्यापारी काय बघतो? फळ टणक आहे का, साल जाड आहे का, सगळी फळं साधारण एकाच आकाराची आणि ८० ते १०० ग्रॅमची आहेत का, देठाजवळ तडे नाहीत ना. फळ पूर्ण लाल होण्याआधीच, रंग धरायला लागला की तोडलं जातं आणि प्रवासात पिकतं. तोडल्यानंतरही एकसारखा लाल रंग येणारा वाण असेल तर त्याला मागणी. डाग किंवा पिवळे पट्टे राहत असतील तर तो माल दुसऱ्या प्रतीत गेला.

चवीचं काय? व्यापाऱ्याच्या या यादीत चव नाही. बोली लावताना टोमॅटो कुणी चाखून बघत नाही.

'पूर्वीसारखा आंबट-गोड टोमॅटो मिळत नाही' ही घरोघरची तक्रार इथून सुरू होते. ती निव्वळ आठवणींची गंमत नाही. २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी टोमॅटोच्या सुमारे चारशे वाणांची तुलना केली होती. चव आणि वास देणारे अनेक रासायनिक घटक आधुनिक व्यापारी वाणांमध्ये जुन्या वाणांपेक्षा कमी असल्याचं त्यात दिसलं. उत्पादन, टणकपणा आणि आकार यांच्यासाठी निवड होत गेली आणि चव मागे पडत गेली. यात शेतकऱ्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. ज्या गुणाचे पैसे मिळतात तो गुण तो लावतो.

पण हाच शेतकरी माल जवळच्या आठवडी बाजारात किंवा शहरातल्या सोसायट्यांमध्ये थेट विकणार असेल तर सगळं उलटं होतं. तिथे टोमॅटो सकाळी तोडून संध्याकाळी घरात पोहोचतो. चार दिवस टिकण्याची गरज नसते. पातळ सालीचा, रसदार, आंबटसर टोमॅटो तिथे दोन पैसे जास्त मिळवून देतो. दिल्लीला जाणारा वाण तिथे लावला तर गिऱ्हाईक एकदा घेईल, दुसऱ्यांदा शेजारच्या पाटीवर जाईल.

तिसरी वाट प्रक्रियेची. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी कंपन्या केचप आणि प्युरीसाठी टोमॅटो घेतात. तिथे फळाचा आकार किंवा चकाकी यांना फार किंमत नाही. फळात पाणी कमी आणि गर जास्त हवा, म्हणजेच ब्रिक्स चांगला हवा, आणि रंग गडद लाल हवा. पाणी आटवायला इंधन लागतं, म्हणून हा आग्रह. भाव बऱ्याचदा आधी ठरतो, तो तेजीतल्या बाजाराइतका नसतो. प्रक्रियेसाठी वेगळे वाण असतात. भाजीचा माल विकला गेला नाही म्हणून केचपच्या कारखान्यात नेऊन टाकू, हा हिशोब त्यामुळेच बऱ्याचदा फसतो.

तोडा उन्हात येणार की पावसात?

बाजार ठरला की पुढचा प्रश्न महिन्याचा. पाकिटावरचं फळाचं चित्र एकच असतं, पण तेच बी मार्चमध्ये लावलं तर वेगळं वागतं आणि जुलैमध्ये लावलं तर वेगळं.

उन्हाळ्यात मुख्य अडचण फळधारणेची. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचं २२-२४ अंशांच्या वर राहिलं की परागकण कमजोर पडतात आणि फुलं गळतात. झाड हिरवंगार दिसतं, पण त्यावर फळ नाही. शिवाय टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही, त्यामुळे फळ पिवळट-केशरी राहतं. म्हणून उन्हाळ्यासाठी उष्णता सहन करणारा आणि फळं झाकली जातील इतकी पानं असलेला वाण लागतो. पानं विरळ असतील तर फळावर उन्हाचे पांढरे चट्टे पडतात.

खरिपात शत्रू बदलतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात करपा येतो. त्यातही थंड, ढगाळ, दमट हवेत येणारा उशिराचा करपा चार-सहा दिवसांत अख्खा प्लॉट जाळू शकतो. कोरड्या दिवसांनंतर अचानक जोराचा पाऊस झाला की फळात पाणी भरतं आणि साल तडकते. इथे फळाला तडे न जाणं हा गुण उन्हाळ्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा.

आणि इथेच पानांचा हिशोब थोडा फिरतो. जी दाट पानं उन्हाळ्यात फळं वाचवतात, तीच पावसात हवा अडवून धरतात आणि करप्याला जागा करून देतात. उन्हाळ्यात शेजाऱ्याकडे जोरात आलेला वाण पावसाळ्यात तसाच येईल, ही समजूत दरवर्षी कुणाला ना कुणाला महागात पडते.

झाडाची वाढ हाही मुद्दा आहे. काही वाण मर्यादित वाढीचे असतात. झाड ठरावीक उंचीला थांबतं, फळं थोड्या दिवसांत एकदम येतात आणि प्लॉट लवकर मोकळा होतो. काही वाण अमर्याद वाढीचे. मांडवावर चढत राहतात, तोडेही जास्त काळ चालतात. मधला प्रकारही आहे. कांदा किंवा गव्हासाठी शेत लवकर रिकामं हवं असेल तर पहिला प्रकार सोयीचा. पण सगळा माल वीस-पंचवीस दिवसांत आला आणि नेमके तेच दिवस मंदीचे निघाले तर हातात काही उरत नाही. दोन महिने चालणाऱ्या प्लॉटला मंदीचे पंधरा दिवस गेल्यावरही पुढचे तोडे शिल्लक असतात. बांबू, तार आणि मजुरीचा जादा खर्च अनेक जण यासाठीच करतात.

'रोगप्रतिकारक' म्हणजे नेमकं काय?

बियाण्याच्या जाहिरातीत सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत जास्त गैरसमज करून देणारा शब्द हाच.

टोमॅटोवर एक विषाणू येत नाही, अनेक येतात. पानं आक्रसून गुच्छ करणारा पर्णगुच्छ पांढऱ्या माशीमुळे पसरतो. शेंडा आणि पानांवर काळपट डाग पाडणारा दुसरा एक विषाणू फुलकिड्यांमुळे पसरतो. कुकुंबर मोझॅक व्हायरस माव्यामुळे पसरतो. एखादा वाण पर्णगुच्छाला प्रतिकारक असेल तर तो फक्त पर्णगुच्छाला प्रतिकारक असतो. बाकीच्या दोघांना त्याचं काही देणंघेणं नसतं.

२०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, अकोले, संगमनेर भागात हे ठळकपणे दिसलं. ऐन तोडणीच्या वेळी फळांवर पिवळे, हिरवे, लाल असे पट्टे दिसू लागले. फळ एकसारखं पिकेना, आतून काळं पडे. शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा व्हायरस' असं नाव दिलं. लॉकडाऊनचे दिवस, त्यात हे. बियाण्यातच दोष असल्याचा संशय अनेकांनी घेतला. नमुने बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत तपासले गेले, तेव्हा त्यांत प्रामुख्याने कुकुंबर मोझॅक व्हायरस आढळला. यात नुकसान झालेल्या अनेक प्लॉटमध्ये नामांकित संकरित वाणच होते.

दुसरी गोष्ट, 'प्रतिकारक' आणि 'सहनशील' यांत फरक आहे. बियाणे कंपन्यांच्या माहितीपत्रकांत रोगाच्या नावापुढे काही वेळा एचआर किंवा आयआर अशी अक्षरं असतात. एचआर म्हणजे उच्च प्रतिकार. आयआर म्हणजे मध्यम. मध्यम प्रतिकाराच्या वाणावर रोग येतो, फक्त इतरांपेक्षा उशिरा किंवा कमी. पांढरी माशी फार वाढली तर तोही प्लॉट बसतो. पर्णगुच्छाला प्रतिकार देणारी जनुकं टोमॅटोच्या दक्षिण अमेरिकेतल्या जंगली नातेवाइकांकडून घेतलेली आहेत. विषाणूही बदलत राहतो, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी टिकलेला वाण आज टिकेलच असं नाही. आणि टुटा नावाच्या नागअळीपुढे तर पाकिटावरचा कोणताच शिक्का उपयोगी पडत नाही. तिथे सापळे आणि निगराणीच लागते.

जमिनीनुसारही रोग बदलतो. कोकणात आणि गोव्यात आम्लधर्मी जमीन आणि दमट हवा, त्यामुळे तिथे जिवाणूजन्य मर ही मोठी डोकेदुखी. उभं हिरवं झाड दोन दिवसांत मान टाकतं. नाशिकमध्ये गाजलेला वाण तिथे नेऊन लावला आणि त्यात मर रोगाचा प्रतिकार नसेल तर पहिल्या तोड्यापर्यंतही पोहोचणं कठीण.

'वैशाली' अजून बाजारात कशी?

आता नावांकडे येऊ. राज्यातल्या बाजार समित्यांचे रोजचे टोमॅटोचे भाव पाहिले तर एक गंमत दिसते. वाणाच्या रकान्यात कुठे 'हायब्रीड', कुठे 'लोकल', कुठे 'नं. १' आणि सोलापूरसारख्या काही बाजारांसमोर 'वैशाली' लिहिलेलं असतं.

वैशाली हा बेंगळुरूच्या इंडो-अमेरिकन हायब्रीड सीड्स या कंपनीचा जुना संकरित वाण. याच कंपनीने १९७३ मध्ये 'कर्नाटक' नावाचा संकरित टोमॅटो बाजारात आणला होता. रूपाली, रश्मी, वैशाली या नावांनी पुढे एक काळ गाजवला. त्याआधीच्या पिढीत दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'पुसा रुबी' होती. आज शेतात बहुतेक ठिकाणी दुसरेच वाण आहेत, पण भावाच्या यादीत वैशालीचं नाव राहून गेलं आहे. त्यामुळे ही यादी बघून कोणत्या वाणाला किती भाव मिळतो हे कळेल, अशी आशा ठेवू नये. ते बाजारात उभं राहूनच कळतं.

सध्या नाशिक-नारायणगाव पट्ट्यावर खासगी कंपन्यांच्या संकरित वाणांचं राज्य आहे. सिंजेंटाचे अभिनव आणि साहो, सेमिनिसचा अभिलाष अशी नावं शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. त्यात दर दोन-तीन वर्षांनी नवी भर पडते. सरकारी संस्थांचेही वाण आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हे सुधारित वाण आहेत, फुले राजा हा संकरित आहे. बेंगळुरूच्या संस्थेचा अर्का रक्षक पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा अशा तिन्हींना प्रतिकारक म्हणून ओळखला जातो. अर्का अभेदमध्ये उशिराच्या करप्याचीही भर आहे.

सुधारित वाणाचा एक मोठा फायदा म्हणजे त्याचं बी घरी धरता येतं. संकरित वाणाचं धरता येत नाही. धरलं तर पुढच्या पिढीत झाडं वेगवेगळी निघतात आणि क्रेटमध्ये एकसारखा माल भरणं अशक्य होतं. परसबागेत, आठवडी बाजारासाठी किंवा कमी भांडवलात टोमॅटो करणाऱ्यांनी सुधारित वाणांना कमी लेखू नये. मोठ्या बाजारात मात्र एकसारखेपणा आणि टणकपणा यांवर बोली लागते आणि तिथे संकरित वाण पुढे जातात. दुकानापर्यंत बी पोहोचवणारी यंत्रणाही खासगी कंपन्यांचीच तगडी आहे, हेही खरं.

आणि प्रत्यक्षात वाण सुचवतं कोण? बहुतेक वेळा कृषी सेवा केंद्राचा दुकानदार किंवा रोपवाटिकेचा मालक. त्यांना अनुभव असतो, ते चुकीचंच सांगतात असं अजिबात नाही. पण जे विकायला आहे तेच ते सुचवणार. कंपनीच्या पीक पाहणी कार्यक्रमात दाखवला जाणारा प्लॉटही निवडक असतो. त्यापेक्षा गेल्या वर्षी त्याच महिन्यात, तशाच जमिनीत तो वाण लावलेल्या दोन-तीन शेतकऱ्यांकडे शेवटच्या तोड्यांना काय निघालं हे विचारणं जास्त कामाचं. पहिल्या तोड्याची फळं सगळ्यांचीच देखणी असतात.

जास्त क्रेट की चांगले क्रेट?

आता एक हिशोब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

समजा, पहिला वाण एकरी १,५०० क्रेट देतो, पण पावसात तडकतो आणि ३५ टक्के माल दुसऱ्या प्रतीत जातो. म्हणजे ९७५ क्रेट चांगले, ५२५ दुय्यम. दुसरा वाण १,२५० क्रेटच देतो, पण दुय्यम माल फक्त १० टक्के. म्हणजे १,१२५ चांगले, १२५ दुय्यम. तोडणी, वाहतूक, हमाली आणि इतर खर्च क्रेटमागे ६० रुपये धरू.

चांगल्या मालाला ३०० आणि दुय्यम मालाला १२० रुपये भाव असेल तर हा खर्च वजा जाता पहिल्या वाणाचे २ लाख ६५ हजार ५०० आणि दुसऱ्याचे २ लाख ७७ हजार ५०० रुपये हातात येतात. अडीचशे क्रेट कमी असूनही दुसरा वाण पुढे.

आता तेजी आली असं समजा. चांगला माल १,००० रुपये, दुय्यमही ७०० रुपये, कारण टंचाईत काहीही खपतं. पहिल्याचे १२ लाख ५२ हजार ५००, दुसऱ्याचे ११ लाख ३७ हजार ५००. इथे जास्त क्रेट देणारा वाण लाखाच्या वर आघाडी घेतो.

आणि मंदी? चांगला माल १२०, दुय्यम ४० रुपये. दुय्यम माल बाजारात नेणंच तोट्याचं, तो शेतातच राहणार. मग पहिल्याचे ५८ हजार ५००, दुसऱ्याचे ६७ हजार ५००. दुसरा पुढे आहे, पण लागवडीचा दीड-दोन लाखांचा खर्च दोघांचाही निघालेला नाही.

म्हणजे एकरी उत्पादनाचा मोठा आकडा खऱ्या अर्थाने कामाला येतो तो तेजीत. बाकीच्या वर्षांत मालाची प्रत कामाला येते. अडचण अशी की सगळ्यांच्या लक्षात तेजीचं वर्षच राहतं. जुलै २०२३ मध्ये कोट्यधीश झालेल्या टोमॅटो उत्पादकांच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आणि पाकिटामागे एकरी किती टन हे विचारत लोक दुकानात गेले. कर्ज काढून एकरभर लागवड करणाऱ्याने तेजीवर डाव लावायचा की बऱ्या-वाईट वर्षात तरून जाण्यावर, हा प्रश्न वाणाच्या नावाआधी यायला हवा. ज्याच्याकडे एक हंगाम बुडाला तर पुढच्याला भांडवल नाही, त्याच्यासाठी उत्तर अवघड नाही.

मंदीच्या आकड्यांतून आणखी एक दिसतं. शंभर-सव्वाशे रुपये क्रेटच्या भावात जगातला कोणताही वाण शेतकऱ्याला वाचवत नाही. वाण बदलला की भाव मिळेल असं कुणी सांगत असेल तर ते विक्रीचं बोलणं समजावं.

सगळं रान एकाच नावावर?

गावात एखादा वाण चालला की पुढच्या वर्षी सगळं गाव तोच लावतं. मग माल एकाच आठवड्यात येतो आणि त्या वाणाची जी कमजोरी असेल ती सगळ्या गावात एकदम उघडी पडते. त्यापेक्षा दोन एकर असतील तर दोन वाण, किंवा एकच वाण पण पंधरा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत, हा उपाय जुना असला तरी कामाचा आहे. व्यापाऱ्याला मात्र एका गाडीत एकसारखा माल हवा असतो, त्यामुळे एका एकरात चार वाणांची सरमिसळ करण्यातही शहाणपण नाही.

नवीन वाण आला असेल तर आधी दोन-चार सऱ्या लावून बघाव्यात. त्यांचं खत, पाणी, फवारणी बाकीच्या प्लॉटसारखीच ठेवायची आणि क्रेट वेगळे मोजायचे. किती निघाले, त्यातले किती पहिल्या प्रतीचे, पावसानंतर किती तडकले, एवढं वहीत लिहून ठेवलं तरी पुढच्या जूनमध्ये दुकानदाराशी बोलताना हातात काहीतरी असतं.

बियाणं फसलं तर?

बियाणे अधिनियम, १९६६ अंतर्गत ठरलेल्या मानकांनुसार टोमॅटोच्या बियाण्याची उगवण किमान ७० टक्के आणि भौतिक शुद्धता ९८ टक्के असायला हवी. पाकिटावर लॉट नंबर, चाचणीची तारीख आणि वैधता छापलेली असते. चाचणीच्या तारखेपासून नऊ महिन्यांची मुदत असते. मुदत संपत आलेलं पाकीट सवलतीत मिळत असेल तर त्यामागचं कारण हेच असू शकतं.

उगवण कमी झाली, किंवा झाडं भेसळीची निघाली, तर तालुका पातळीवरच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करता येते. समिती शेतात येऊन पंचनामा करते. ग्राहक आयोगातही दाद मागता येते. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. मात्र रोग आला किंवा भाव मिळाला नाही, यासाठी बियाण्याला जबाबदार धरणं फार कठीण असतं. जाहिरातीत कोणत्या रोगाबद्दल काय लिहिलं होतं, त्यावर बरंच ठरतं. म्हणून माहितीपत्रकही टाकून देऊ नये.

यासाठी पक्कं बिल लागतं आणि त्यावर वाणाचं नाव आणि लॉट नंबर असावा लागतो. रिकामं पाकीट आणि त्यातलं चिमूटभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवायचं. रोपवाटिकेतून तयार रोपं घेतली असतील तर पाकीट आपल्या हातात येतच नाही. अशा वेळी रोपांच्या बिलावरच लॉट नंबर लिहून घ्यायचा आणि शक्य असेल तर पाकिटाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. पंचनामा होईपर्यंत प्लॉट उपटायचा नाही.